जुन्या मालिकांत माणसं जाडी का दिसतात? टीव्हीचं सेटिंग नेमकं कुठे बदलायचं?

तेरेखोल : केरीहून फेरीबोटीने पलीकडे उतरलं की तेरेखोल. गाव गोव्याचं, तालुका पेडणे, पण वसलंय नदीच्या उत्तर काठावर. गाडीने जायचं तर किरणपाणीच्या पुलावरून आरोंदा, मग रेडी, म्हणजे महाराष्ट्रातून फिरून पुन्हा गोव्यात. मागे एका बातमीसाठी गेलो होतो. काम आटोपलं, फेरीला वेळ होता, ओळखीच्या घरात चहाला बसलो. समोर भिंतीवर नवाकोरा मोठा टीव्ही आणि त्यावर कुठल्याशा चॅनेलवर जुनं रामायण.

घरातल्या काकी म्हणाल्या, "राम केवढो जाडो दिसता बघ! टीव्ही बिघाडलो काय रे?"

टीव्ही बिघडला नव्हता. अरुण गोविल यांचा चेहरा पोळपाटासारखा गोल झाला होता, रथाची चाकं अंड्यासारखी आडवी फिरत होती, आणि दारासिंग यांना तर रुंद करायची मुळात काही गरजच नव्हती. रिमोट घेतला, दोन ठिकाणी सेटिंग बदललं, राम पुन्हा राम झाला. काकी खूश झाल्या, पण अर्ध्या मिनिटातच नवी तक्रार आली: "आता दोनय बाजूंक काळा कित्याक दिसता?"

हे दोन प्रश्न सावंतवाडीपासून बेळगावपर्यंत आणि डिचोलीपासून चंदगडपर्यंत घरोघरी आहेत. दुकानदार टीव्ही बसवून जातो, "फुल स्क्रीन" करून देतो आणि ते तसंच राहतं. म्हणून थोडं सविस्तर लिहितोय.

चौकोन कुठला, आयत कुठला

चित्राची रुंदी आणि उंची यांच्या प्रमाणाला टीव्हीच्या मेनूत 'अ‍ॅस्पेक्ट रेशो' म्हणतात. जुन्या डब्याच्या टीव्हीचं प्रमाण ४:३ होतं, म्हणजे ४ भाग रुंद तर ३ भाग उंच. आजच्या सपाट टीव्हीचं १६:९. दोन्ही एकाच भाजकावर आणून बघा: ४:३ म्हणजे १२:९. उंची तीच ९, पण नवा पडदा १६ रुंद आणि जुनं चित्र १२. उरलेल्या ४ भागांचं काय करायचं, एवढाच सगळा प्रश्न आहे.

उत्तरं तीनच. एक, उरलेली जागा काळी ठेवायची. दोन, १२ चं चित्र ताणून १६ करायचं. मग माणूस एक तृतीयांश जास्त रुंद होतो. तीन, चित्र चारी बाजूंनी मोठं करायचं म्हणजे रुंदी भरेल, आणि वर-खाली जे बाहेर जाईल ते कापून टाकायचं. यात उंचीचा चौथा हिस्सा जातो. आम्ही कॉमर्सवाले, आमचा हिशेब साधा: पहिल्यात तोटा काही नाही, दुसऱ्यातला तोटा भरून काढता येतो, तिसऱ्यातला बुडीत खात्यात.

४:३ हे प्रमाण टीव्हीवाल्यांनी शोधलेलं नाही. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सन या गृहस्थाने ३५ मिमी फिल्मवर चार छिद्रांच्या उंचीची चौकट ठरवली, तिथून ते आलं. बोलपट आल्यावर त्यात किंचित बदल होऊन १.३७ झालं, पण डोळ्याला फरक जाणवू नये इतकंच. त्यामुळे १९५३ चा 'श्यामची आई' आणि १९८७ चं रामायण आकाराने जवळपास सारखेच. अमेरिकेत घरोघरी टीव्ही आल्यावर सिनेमावाल्यांनी प्रेक्षक परत खेचायला पडदा रुंद केला. आपल्याकडे १९५९ चा 'कागज के फूल' हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट. टीव्ही मात्र चौकोनीच राहिला.

मग १६:९ कुठून आलं? १९८० च्या दशकात कर्न्स पॉवर्स नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने त्या वेळी वापरात असलेल्या सगळ्या प्रमाणांचे सारख्या क्षेत्रफळाचे आयत एकमेकांवर ठेवून पाहिले आणि सगळ्यांना त्यातल्या त्यात सोयीचा आकार निवडला. एका टोकाला टीव्हीचं १.३३, दुसऱ्या टोकाला सिनेमास्कोपचं २.३५, दोघांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा, १.७७ येतं. १६ भागिले ९ म्हणजे १.७८. थोडक्यात ही तडजोड आहे आणि तडजोडीत दोघांनाही थोडी काळी पट्टी सोसावी लागते, जुन्या मालिकेला डावी-उजवीकडे, रुंद सिनेमाला वर-खाली.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. तेव्हापासून पुढची तीसेक वर्षं आपण जे जे पाहिलं ते चौकोनी चौकटीसाठीच बनलेलं होतं. 'चिमणराव', 'मालगुडी डेज', २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी लागणारं रामायण, २ ऑक्टोबर १९८८ पासूनचं महाभारत, नंतर सह्याद्रीवरची 'दामिनी', १९९९ मध्ये अल्फा मराठीवर आलेली 'आभाळमाया' — सगळं ४:३. उलट आपल्या शेजारच्या आकेरीत चित्रीकरण झालेली 'रात्रीस खेळ चाले' २०१६ ची, रुंद पडद्यासाठीच घेतलेली. ती लावली की पडदा आपोआप भरतो. त्यामुळे लोकांना वाटतं, हे भरतं तर ते का भरत नाही? नक्कीच सेटिंग चुकलंय. आणि मग रिमोटवरचं ते बटण दाबलं जातं.

आधी तपासा

डोळ्याने अंदाज चुकतो, कारण चार दिवस ताणलेलं बघितलं की डोळा सरावतो. गोल असणारी वस्तू शोधा. भिंतीवरचं घड्याळ, रथाचं चाक, समोरून दिसणारी थाळी. चित्र थांबवता येत असेल तर थांबवा आणि शिवणकामाची टेप पडद्यावर हलकेच धरा. आडवं आणि उभं माप सारखं आलं तर चित्र बरोबर. आडवं १२ आणि उभं ९ असं काही आलं तर चित्र ताणलंय. उलट आडवं ९ आणि उभं १२ आलं तर नवा कार्यक्रम चौकोनात कोंबलाय. वस्तू गोल आहे, पण माणसांच्या कपाळापासून वरचा भाग किंवा खालच्या पाट्या गायब आहेत, तर चित्र कापलंय.

सेटिंग एका नव्हे, दोन ठिकाणी

इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. टीव्हीचं सेटिंग बदलून काही होत नाही म्हणून लोक कंटाळतात. पण चित्र आधी सेट-टॉप बॉक्समधून येतं. बॉक्सने ते ताणून पुढे पाठवलं तर टीव्हीला ते मुळात चौकोनी होतं हे कळणार कसं? म्हणून आधी बॉक्स, मग टीव्ही.

बॉक्सच्या मेनूत 'टीव्ही टाइप', 'स्क्रीन फॉरमॅट' किंवा 'अ‍ॅस्पेक्ट रेशो' असं काहीतरी असतं. तिथे एक गंमत आहे. बॉक्स तुम्हाला मालिकेचा आकार विचारत नाही, तुमच्या टीव्हीचा आकार विचारतोय. मालिका ४:३ आहे म्हणून तिथे ४:३ निवडलं तर बॉक्स समजतो की घरात जुना डबा टीव्ही आहे, आणि मग नव्या कार्यक्रमांचीही वाट लागते. सपाट टीव्ही असेल तर तिथे १६:९ च निवडायचं. त्याखाली दुसरा पर्याय असतो: चौकोनी कार्यक्रम आला तर काय करू? तिथे 'पिलरबॉक्स' निवडा. काही बॉक्समध्ये दोन्ही मिळून एकच ओळ असते, '१६:९ पिलरबॉक्स' अशी. 'फुल', 'स्ट्रेच', 'पॅन-स्कॅन' यांच्या वाटेला जाऊ नका. 'लेटरबॉक्स' म्हणजे वर-खाली पट्टी. तो पर्याय जुन्या चौकोनी टीव्हीवाल्यांसाठी आहे.

आता टीव्ही. रिमोटवर 'झूम', 'पी.साइज', 'अ‍ॅस्पेक्ट' किंवा 'वाइड' असं बटण असेल तर तेच दाबत जा, पर्याय एकेक करून फिरतात. बटण नसेल तर मेनूतल्या 'पिक्चर' विभागात शिरा. एलजीवर 'अ‍ॅस्पेक्ट रेशो' खाली 'ओरिजिनल' असतं, ते सर्वांत सोयीचं, कारण आलेल्या चित्रावरून टीव्ही स्वतः ठरवतो. सॅमसंगवर 'पिक्चर साइज सेटिंग्ज'मध्ये '१६:९ स्टँडर्ड', 'कस्टम' आणि '४:३' मिळतात. सोनीवर त्याला 'वाइड मोड' म्हणतात. त्यातलं 'नॉर्मल' म्हणजे चौकोनी, 'फुल' म्हणजे जसं आलं तसं पूर्ण रुंदीभर, आणि 'वाइड झूम' म्हणजे थोडं ताण, थोडं काप. त्यात 'ऑटो वाइड' असेल तर ते एकदा चालू आणि एकदा बंद करून पाहा. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त स्मार्ट टीव्हींमध्ये बहुधा 'झूम मोड' असतो: ऑटो, ४:३, १६:९, झूम १, झूम २, पॅनोरमा. यातलं 'पॅनोरमा' फसवं आहे. मधला भाग बरोबर ठेवून फक्त कडा ताणतं. कॅमेरा स्थिर असेपर्यंत छान वाटतं. कॅमेरा फिरला की एखादं माणूस कडेला जाड, मध्ये बारीक, पुन्हा कडेला जाड होत जातं. जत्रेतल्या आरशांसारखं.

टीव्ही कायमचा ४:३ वर ठेवू नका. संध्याकाळी सातच्या मालिकेत सगळी मंडळी तीन-चतुर्थांश रुंदीची, उपाशी असल्यासारखी दिसतील आणि घरात रिमोटवरून भांडण होईल. जिथे 'ऑटो' किंवा 'ओरिजिनल' नीट काम करतं तिथे तेच बरं.

ऑटोला हे कळतं कसं, हेही सांगतो. साध्या, म्हणजे एचडी नसलेल्या चॅनेलचं डिजिटल चित्र आपल्याकडे ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं. चौकोनी कार्यक्रम असो की रुंद, ठिपके तेवढेच. सोबत एक छोटी खूण येते, 'हे ४:३ म्हणून दाखव' किंवा 'हे १६:९ म्हणून दाखव'. खूण बरोबर असेल तर सगळं आपोआप जमतं. चॅनेलने खूण चुकीची लावली किंवा मधल्या एखाद्या यंत्राने ती गाळली, की घोटाळा होतो.

आणखी एक. बॉक्स आणि टीव्ही एचडीएमआयच्या केबलने जोडले असतील तर काही टीव्ही त्या जोडणीवर ४:३ चा पर्यायच देत नाहीत, तो राखाडी दिसतो. घाबरू नका. बॉक्समध्ये पिलरबॉक्स केलेलं असेल तर टीव्हीत काही बदलायची गरजच उरत नाही. अजूनही पिवळी-लाल-पांढरी पिन वापरणाऱ्यांच्या टीव्हीवर मात्र सहसा सगळे पर्याय खुले असतात.

चॅनेलनेच ताणलं असेल तर

तेरेखोलच्या त्या घरात बॉक्सचं सेटिंग चुकलेलं होतंच. पण काही वेळा बॉक्स बरोबर, टीव्ही बरोबर, तरी माणसं जाडी. म्हणजे चॅनेलनेच ताणून पाठवलंय. अशा वेळी तेवढ्यापुरता टीव्ही ४:३ वर करा. चित्र दाबलं जाऊन मूळ आकारात येतं. चॅनेलचं बोधचिन्ह आणि खालची पट्टी किडकिडीत होईल, होऊ दे. चॅनेलने कापून पाठवलं असेल तर मात्र घरात बसून काही करता येत नाही. जे आलंच नाही ते दाखवणार कुठून?

हे फक्त आपल्याकडच्या छोट्या चॅनेलांचं दुखणं नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये डिस्ने प्लस सुरू झालं तेव्हा 'द सिम्पसन्स' या कार्टूनचे जुने चौकोनी भाग त्यांनी वर-खाली कापून रुंद करून लावले. एका भागात दारूच्या कारखान्यात वेगवेगळ्या नावांच्या तीन टाक्या दिसतात आणि वर बघितलं तर तिन्ही टाक्यांत एकाच नळीतून तीच दारू पडत असते. कापाकापीत ती नळीच गेली, विनोदही गेला. प्रेक्षकांनी ओरड केली, तेव्हा मे २०२० मध्ये कंपनीने जुनं प्रमाण निवडायची सोय दिली.

टीव्हीतल्या यूट्यूबसारख्या अ‍ॅपमध्ये बऱ्याचदा टीव्हीचा हा मेनू चालतच नाही. तिथे ज्याने व्हिडिओ चढवला त्याच्यावर सगळं अवलंबून. एकाच मालिकेचा भाग दोन-तीन ठिकाणी असतो. काळ्या पट्ट्यांचा असेल तो निवडा. काही महाभागांनी पट्ट्यांसकट चित्र पुन्हा चौकोनात घातलेलं असतं, मग चारी बाजूंनी काळं आणि मध्ये पोस्टाच्या तिकिटाएवढी मालिका. तेवढ्या एका प्रसंगात झूम वापरा, काही बिघडत नाही, कारण कापला जातो तो काळा भागच. पेनड्राइव्ह किंवा लॅपटॉपवरून बघत असाल तर व्हीएलसी प्लेअरमध्ये कीबोर्डवरचं 'ए' दाबत राहा, प्रमाण बदलत जातं.

काळ्या पट्टीचं वाईट वाटतं त्यांच्यासाठी

काकींचा दुसरा प्रश्न राहिला. एवढे पैसे मोजून मोठा टीव्ही आणला आणि दोन्ही बाजूंना काळं! हिशेब करून बघू. ३२ इंची टीव्हीचा पडदा साधारण ७१ सेंमी रुंद, ४० सेंमी उंच. त्यात ४:३ चित्र बसतं ५३ बाय ४० चं, दोन्ही बाजूंना ९-९ सेंमी काळं. पण त्या ५३ बाय ४० चा कर्ण काढला तर २६ इंच येतो. आपल्याकडे पूर्वी २१ इंची टीव्ही म्हणजे चैन होती. काळ्या पट्ट्या धरूनही रामायण त्या वेळेपेक्षा मोठंच दिसतंय. ४३ इंची टीव्ही असेल तर ते चित्र ३५ इंची होतं. काकींना हे पटलं, पण मालकांना पटलं नसावं. निघताना त्यांचा हात रिमोटकडे गेलेला मी पाहिला.

कॅसेटी काढायच्या असतील तर हे आधी वाचा

मालिकांचं एक बरं असतं, चुकीची दिसली तरी मूळ प्रत कुठेतरी सुरक्षित असते. आपल्या घरातल्या कॅसेटींचं तसं नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकातली लग्नं, मुंजी, बारशी, गावच्या जत्रेतली दशावतारी नाटकं व्हीएचएसवर आहेत आणि त्या सगळ्या ४:३. कपाटात बुरशी धरतायत. आपल्या दमट हवेत तर जास्तच. ज्यावर त्या चालतात ते व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन बंद केलं. म्हणजे कॅसेट बहुधा एकदाच उतरवून मिळणार आणि त्या वेळी जे प्रमाण ठेवलं जाईल तेच पुढे राहणार.

माझ्या बहिणीच्या लग्नाची १९९६ ची कॅसेट आम्ही एका स्टुडिओत देऊन सीडी करून घेतली. त्याने आम्ही खूश व्हावं म्हणून पडदा भरून दिला. लावली, तर आमचे वडील, ज्यांना अख्खा गाव काडीपहिलवान म्हणायचा, ते चांगले भरलेले दिसायला लागले. वडील २००४ मध्ये गेले. माझ्या मुलीने त्यांना पाहिलेलं नाही, तिच्यासाठी आजोबा म्हणजे ती सीडीच. एकदा म्हणाली, "बाबा, आजोबा जाडे होते ना?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमचं नशीब, चित्र ताणलेलं होतं, कापलेलं नव्हतं. टीव्ही ४:३ वर केला आणि वडील परत बारीक झाले.

ओळखीच्या एका दशावतारी कलाकाराच्या घरी इतकं नशीब नव्हतं. जत्रेतल्या नाटकाची कॅसेट उतरवताना झूम करून दिली. दशावताराचा मंच कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे: एक बाकडं, बाजूला हार्मोनियम, मृदंग, झांज, आणि मध्ये उभं राहिलेलं पात्र. कॅमेऱ्यावाल्याने मुकुटापासून पायांपर्यंत बरोबर चौकटीत घेतलं होतं. उंचीचा चौथा हिस्सा गेल्यावर राजाचा मुकुट गेला आणि नाचणारे पायही गेले. बाजूचं बाकडं मात्र व्यवस्थित दिसतं. कॅसेट तोपर्यंत टाकून दिलेली.

म्हणून स्टुडिओत देताना कागदावर लिहून द्या: ४:३ मध्येच काढा, ताणू नका, कापू नका. फाईल ७२० बाय ५७६ ची, ४:३ ची खूण लावलेली, किंवा ७६८ बाय ५७६ ची मागा. तो म्हणाला की आम्ही फुल एचडीतच देतो, तर हरकत नाही, पण १९२० बाय १०८० च्या मधोमध १४४० बाय १०८० एवढंच चित्र आणि बाजूला काळं, असं सांगा. पहिली पाच मिनिटं काढून झाल्यावर तिथेच बघा. मंगलाष्टकांच्या वेळी हातात धरलेलं आरतीचं ताट किंवा मंडपातलं घड्याळ असतंच, त्याचं माप घ्या. आणि फाईल घरी आल्यावरही कॅसेट टाकू नका.

आधीच ताणलेली फाईल पदरात पडली असेल तर ती पुन्हा बनवायची गरज नाही. कॉम्प्युटरची माहिती असलेल्या कुणालाही सांगा, फाईलला हात न लावता फक्त प्रमाणाची ती खूण बदलून मिळते, पाच मिनिटांचं काम. जुन्या सीडी-डीव्हीडीवर मात्र ते जमत नाही. आमच्या त्या सीडीच्या कव्हरवर मी मार्करने लिहून ठेवलंय: 'टीव्ही ४:३ वर करून लावणे.'